एका कान्याचा फरक

१७ जुलै २०२१, शनिवार. क्लेटन, मेलबर्न

आई गेल्यापासून दुपारच्या चहाला बोलायला कुणी नाही. माझा नवरा यतीन घरातच आहे, पण तो कानात बोंडं घालून दिवसभर मीटिंगांत असतो. त्याच्याशी दोन शब्द बोलायचे तर कॅलेंडरवर वेळ घ्यावी लागेल. म्हणून ही वही. जे जे कोल्हापूरला फोन करून सांगायचे, ते आता इथे लिहायचं.

आई मे महिन्यात कोल्हापूरच्या दवाखान्यातच गेली. आम्हाला इथून निघायची परवानगी नव्हती, आणि निघालो असतो तरी परत येता आलं नसतं. पद्माकरने, माझ्या भावाने, फोन कुणाच्या तरी हातात दिला आणि मी इथे स्वयंपाकघरात बसून त्याचं मुंडण पाहिलं. माझी लेक कादंबरी शेजारी होती. "मामासारखे मी पण काढू का केस?" म्हणाली. मुली काढत नाहीत गं, म्हटलं. दुःखात पोरं काहीही बोलतात.

तर बातमी अशी की परवापासून पाचवा लॉकडाऊन लागला आणि त्याच दिवशी मला काम मिळालं. मुंबईच्या एका एजन्सीकडून एका ऑस्ट्रेलियन मालिकेची मराठी सबटायटल्स. मालिकेचं नाव कुणाला सांगायचं नाही अशी करारात अट आहे, म्हणून वहीलाही सांगत नाही. मी तिला 'गलबत' म्हणणार, कारण सगळी गोष्ट एका अंतराळयानावर घडते. यानाचा कप्तान, कॅप्टन मोये, हे काम एका काळ्या नटीने केलंय. काय तेज आहे बाईत! डोक्यावर झेंडूच्या फुलासारखा भरगच्च केसांचा घेर. पण हे पात्र बाईही नाही आणि पुरुषही नाही, असं सूचनापत्रात लिहिलंय. सगळे खलाशी त्याला इंग्रजीत 'ही' किंवा 'शी' न म्हणता 'दे' म्हणतात. मी यतीनला म्हटलं, आपल्याकडे साहेबांना 'ते' म्हणतात तसं. इंग्रजांना आदरार्थी बहुवचन आत्ता सुचलं.

कादंबरीला कळलं तेव्हा ती खोलीतून धावत आली. दहावीत गेल्यापासून ही पोरगी धावलेली मी पाहिली नव्हती. म्हणाली, ही मालिका तिची आणि तिच्या मैत्रिणीची, आचोलची, जीव की प्राण होणार आहे, दोघी वर्षभर वाट बघतायत. "आई, मी हेल्प करतो तुला."

"करते."

"करते," ती म्हणाली.

हा कोल्हापूरचा प्रसाद. आमच्याकडे बायका सरसकट 'मी आलो, मी जातो, मी जेवलो' म्हणतात. मीही म्हणायचे. लग्न होऊन पुण्याला आले, दारात "आलो आलो" ओरडले, तर सासूबाई आतून म्हणाल्या, "कोण आलाय गं? पुरुषमाणूस दिसतंय." सगळे पोट धरून हसले. त्या आठवड्यात माझा 'आलो' गेला तो गेलाच. आईने मात्र व्हिडिओ कॉलवर कादंबरीला तेच शिकवून ठेवलं, शिवाय तिला "काय रे" म्हणून हाक मारायची. आता आई नाही, निदान हिने तरी हसं करून घेऊ नये.

२२ जुलै, गुरुवार

दुसरा भाग. आरमाराचा म्हातारा प्रमुख कॅप्टन मोयेला सांगतो, तुझ्या केसांवर हेल्मेट बसत नाही, केस सरळ कर नाहीतर काप. कॅप्टन म्हणतात, "मग हेल्मेट मोठं करा." मी खुर्चीतल्या खुर्चीत टाळी वाजवली.

घोडं अडलं ते पुढच्या ओळीत. नॅचरल हेअर. 'नैसर्गिक केस' लिहिलं तर बाकीच्यांचे काय प्लास्टिकचे? एजन्सीचा मराठी तपासनीस दत्तप्रसाद याने शब्द सुचवले: झिपऱ्या, पिंजारलेले केस, जटा. जटा म्हटलं की मला डोंगरावरचे साधू दिसतात, नाहीतर ज्यांच्या डोक्यात जट आली म्हणून आईबापांनी देवीला सोडल्या त्या पोरी दिसतात. शाळेत माझ्या बाकावर बसणाऱ्या एकीचं असंच झालं होतं. मी तो शब्द लिहिणार नाही.

कादंबरीने आचोलला फोन लावला. ही तिची शाळेतली मैत्रीण, दक्षिण सुदानची, राहायला स्प्रिंगव्हेलला. मी म्हटलं, अगं आचोल, मेसी हेअरला तुमच्यात काय म्हणतात?

"इट्स नॉट मेसी, आंटी," ती म्हणाली. आवाज शांत होता. "इट जस्ट ग्रोज अप. युअर्स ग्रोज डाऊन."

नंतर कादंबरीने सांगितलं की शाळेच्या फोटोच्या दिवशी आचोलला मागच्या रांगेत उभं केलं होतं, केसांमुळे मागचे दिसत नाहीत म्हणून. त्यानंतर ती घट्ट बांधून यायला लागली. घरून शाळा सुरू झाल्यावर पहिल्यांदा तिने कॅमेऱ्यासमोर केस सोडले.

मी लिहिलं: "माझे केस असेच उगवतात." सोपं आहे आणि खरं आहे. दत्तप्रसादने चक्क शाबासकी दिली.

१ ऑगस्ट, रविवार

लॉकडाऊन उठला, पण घरी पाहुणे नकोत असा नियम. आचोल आली ती कुंपणाबाहेर उभी राहिली, मास्क लावून, आणि कादंबरी आत. मी दोघींना बटाटेवडे दिले. आचोलचे मोकळे केस उन्हात फार छान दिसत होते, मी तसं सांगितलंही. ती लाजली. ती कादंबरीला 'के' म्हणते. बाणभट्टापासून चालत आलेलं नाव, त्याचं एक अक्षर करून ठेवलंय! के म्हणजे काय, पोटॅशियम?

"मला आवडतं," कादंबरी म्हणाली.

आज रविवार म्हणून न्हाणं. तिच्या केसांना तेल लावायला बसले की माझा जीव निवतो. माझ्या आईचे केस आहेत ते, तसेच दाट आणि तसेच कुरळे. आज ती पाटावर बसेचना. शेवटी बसली आणि सगळा वेळ डोळे मिटून होती. मला वाटलं झोप लागली. वेणी घातली आणि आरसा दाखवला तेव्हा तिने बघितलं नाही.

११ ऑगस्ट, बुधवार

सहावा लॉकडाऊन. आता मोजायचं सोडलंय.

एक चांगली गोष्ट घडली. कादंबरीचं मराठी एकाएकी सुधारलं. 'जेवलो' नाही, 'झोपलो' नाही. विचारलं, जेवलीस का, तर म्हणते, "माझं जेवण झालं." निघालीस का, तर "मला निघायला हवं." उठलीस का, तर "जाग आली मला." कसं घरंदाज मराठी! पुण्यातल्या बायका ऐकून गार होतील. मी तिला जवळ घेऊन सांगितलं की आज्जीला अभिमान वाटला असता. ती माझ्या खांद्यावर थोडा वेळ तशीच राहिली.

आणि तिच्यामुळे माझंही कोडं सुटलं. कॅप्टन मोयेला 'मी आले' म्हणवलं तर बाई होते, 'मी आलो' म्हणवलं तर पुरुष. पण 'मला यायला उशीर झाला' म्हटलं की कुणीच काही होत नाही! चार भागांतली सगळी वाक्यं मी अशी वळवली. दिवसभर शेजारी बसून कादंबरीने एकेक वाक्य वळवून दिलं. तिला हे इतकं पटापट कसं जमतं कोण जाणे. जणू रोजचा सराव आहे.

२० ऑगस्ट, शुक्रवार

कर्फ्यू. मुलांच्या बागेतल्या झोपाळ्यांनाही पट्ट्या बांधल्यात.

दत्तप्रसादचा फोन. मुलगा हुशार आहे, पण सतत घाईत. "ताई, वाक्यं फार आडवळणाची वाटतायत. कॅप्टन भांडतोय, आणि 'माझ्याकडून गोळी झाडली जाईल' असं बोलतोय. कोर्टातला जबाब वाटतो. एक लिंग पकडा ना."

कादंबरी शेजारीच होती. तिने खुणावलं म्हणून फोन स्पीकरवर टाकला. ती म्हणाली, "काका, कोल्हापूरला बायका पण आलो म्हणतात, पुरुष पण आलो म्हणतात. मग कॅप्टन आलो म्हणाला तर कुणाला कळणारच नाही ना? दोन्ही होईल. आज्जी म्हणायची."

मी चकित झाले. इतकं साधं मला सुचलं नव्हतं.

दत्तप्रसाद हसत सुटला. "कोल्हापुरी कॅप्टन! मग यानात तांबडा-पांढरा पण ठेवू." मलाही हसू आवरेना, कारण डोळ्यांसमोर आईच आली, अंतराळवीराच्या पोशाखात, "आलो बघ मी, दम खा जरा" म्हणत. हसता हसता डोळ्यांत पाणी आलं. बघते तर कादंबरी उठून गेलेली. तिला विनोद कळला नसावा. इथल्या मुलांना आपले विनोद कळत नाहीत.

ठरलं ते असं: रोजच्या बोलण्यात आडवळण चालेल, जिथे जमणार नाही तिथे बघू.

३ सप्टेंबर, शुक्रवार

सहाव्या भागात कॅप्टनचे केस सरळ आहेत. काही कारण दाखवलेलं नाही. पाचव्या भागाच्या शेवटी झेंडूचं फूल, सहाव्याच्या सुरुवातीला खांद्यावर पडलेले तुळतुळीत केस. कुणी पात्र त्याबद्दल बोलतही नाही. हेल्मेट आता बरोबर बसतं.

करार मोडून मी कादंबरीला हा भाग दाखवला, आणि तिने तो आचोलला सांगितला. व्यायामासाठी एका माणसाला भेटायची मुभा आहे, म्हणून दोघी रोज तळ्याकाठी चालतात. आचोलचं म्हणणं, गेल्या वर्षी शूटिंग थांबून परत सुरू झालं तेव्हा राज्यांच्या सीमा बंद होत्या. त्या नटीचे केस करणारी एकच बाई होती, ती सिडनीत अडकली. मेलबर्नमध्ये त्यांना दुसरं कुणी सापडलं नाही, म्हणून टोप चढवला. हे तिने कुठेतरी वाचलंय, खरं-खोटं माहीत नाही. आचोलची आई डँडेनाँगला केसांचं दुकान चालवते. आचोल फोनवर म्हणाली, आम्ही अर्ध्या तासावर होतो, आंटी, नोबडी आस्क्ड.

मला वाईट वाटलं. पण मला वाटतं तिने मनाला फार लावून घेऊ नये. शेवटी मालिका आहे.

कादंबरी जेवत नाही नीट. वसंत लागला तरी तो जाड हुडी अंगातून निघत नाही, टोपी सतत डोक्यावर. न्हायलाही माझ्याकडे येत नाही. मोठी झाले म्हणते. म्हणजे 'मला आता जमतं' म्हणते.

९ सप्टेंबर, गुरुवार

उद्या गणपती. यंदा साधाच. सारण ढवळत होते तेव्हा शाळेतून फोन आला. मुलांच्या मनःस्वास्थ्याचं बघणाऱ्या बाई. हात गुळाने चिकट, कुकरच्या शिट्ट्या, अर्धं ऐकू आलं नाही. म्हणाल्या, के हल्ली कशी चाललीय, दे आर रिअली स्ट्रगलिंग, दे डोन्ट फील हर्ड अॅट होम. दोघींचं हे ऐकून मला काळजी वाटली. मी म्हटलं, हो, दोघी फार एकट्या पडल्यात. आचोलच्या घरी तुम्ही बोललात का? तिची आई काय म्हणते?

बाई 'आय सी' म्हणाल्या. मग म्हणाल्या, आपण एकदा निवांत बोलू या का, के सोबत असताना? मी म्हटलं, नो वरीज, सुट्टीनंतर बघू.

संध्याकाळी कादंबरीला सांगितलं की तुमच्या बाई दोघींची चौकशी करत होत्या. तिने विचारलं, "दोघी कोण?" म्हटलं, तू आणि आचोल. ती माझ्याकडे इतका वेळ बघत राहिली की मी विचारलं, तोंडाला गूळ लागलाय का?

२२ सप्टेंबर, बुधवार

भूकंप. मेलबर्नमध्ये भूकंप! सकाळी चहाची कपबशी थडथडायला लागली, मला वाटलं यतीनने मशीन लावलं. मग भिंती. आम्ही तिघं आहोत तसे अंगणात पळालो, जे करायचं नसतं म्हणे.

धावताना कादंबरीची टोपी मागे पडली. डोक्यावर केस नव्हते. बोटभरसुद्धा नाहीत.

जमीन थांबली तरी मी हलत होते. कधी केलंस हे? तर तीन आठवडे झाले. आचोलने तळ्याकाठी बाकावर बसवून मशिनने काढले. माझ्या आईचे केस होते ते. मी काय काय बोलले ते मला आठवतंय आणि लिहायचं नाही. एक लिहिते: घरात कोण मेलं म्हणून भादरलेस, असं विचारलं.

ती म्हणाली, "आज्जी."

मग मला सगळं कळलं. मे महिन्यात विचारलं होतं बिचारीने, आणि मी नाही म्हटलं होतं. मामाने केलं ते तिलाही करायचं होतं. आम्ही सगळे दुःख गिळून बसलो, आणि ही सोळा वर्षांची पोर ते डोक्यावर घेऊन टोपीखाली हिंडत होती. मी तिला मिठीत घेतलं. तिच्या डोक्यावर हात फिरवला, नवं गवत लागतं तसं लागलं. मी खूप रडलो.

(हे काय लिहिलं! रडले.)

ती म्हणाली, "आई, नातू करतात ना, तसं." मी म्हटलं, हो गं राणी, तू मला नातवाच्या ठिकाणीच आहेस. आणि उगी, केस काय, येतील परत. पुढच्या दिवाळीपर्यंत मानेपर्यंत येतील.

ती माझ्या मिठीतून हळूच सुटली आणि आत गेली. कपबशीचा कान तेवढा तुटला.

३० सप्टेंबर, गुरुवार

शेवटचा भाग. कॅप्टन मोये मरतात. बाकी सगळे वाचतात. हेल्मेटला तडा जातो, तेच हेल्मेट जे आता बरोबर बसत होतं. यानाच्या काचेवर बोटाने लिहितात आणि तोंडाने म्हणतात, "आय वॉज हिअर." संपलं. पुढचा मोसम आला तर दुसरा कप्तान, गोरा, पाचव्या भागापासून तयारीत ठेवलेला.

ही ओळ वळत नाही. दिवसभर डोकं फोडलं. 'माझं इथे असणं झालं'? 'मला इथे असायला मिळालं'? मरणारं माणूस असं बोलत नाही. मी इथे होतो. मी इथे होते. एका कान्याचा फरक.

कादंबरी दारात उभी होती. "होतो लिही."

मी म्हटलं, अगं, नटी बाई आहे, लोकांना चूक वाटेल.

"आज्जीसारखं होतो. प्लीज, आई. एवढं एकच. बाकी सगळं वळवलं ना आपण? मी सगळं वळवतच असतो." ती डोळे पुसत खुर्चीजवळ आली. "मला तो शब्द हवाय. फक्त कॅप्टनसाठी नाही."

"मग कुणासाठी?"

तिने तोंड उघडलं, आणि आतून यतीन ओरडला की वायफाय गेलं. ती म्हणाली, "आचोलसाठी."

आता आचोलला मराठीचा गंध नाही, पण वाद घातला नाही. मालिकेतल्या माणसासाठी इतकी रडणारी पोर, हिचं पुढे कसं होणार? मी तिच्यासमोर टाइप केलं: मी इथे होतो. तिने पडद्याला बोट लावून ते वाचलं आणि माझ्या गालाची पापी घेतली. कितीतरी महिन्यांनी. तिला शब्द दिला की हे असंच जाईल.

५ ऑक्टोबर, मंगळवार

नाही गेलं. दत्तप्रसादने एक काना काढला. हिंदीत 'मैं यहाँ थी' गेलंय आणि सगळ्या भारतीय भाषा एकसारख्या हव्यात असा वरून हुकूम आहे. मी कोल्हापूरचं सांगून पाहिलं. म्हणाला, "ताई, तुमच्या घरात गोड वाटेल, प्रेक्षकांना टायपो वाटेल. आणि काम उत्तम झालंय, पुढची मालिका तुम्हालाच देतोय. एका कान्यासाठी अडवू नका."

खरं सांगायचं तर त्याचं बरोबर आहे. चूक दिसली असती तर नाव माझं खराब झालं असतं. मला पुन्हा ते हसणं ऐकायचं नव्हतं. मी 'मान्य' वर बोट ठेवलं.

कादंबरीला सांगितलं नाही. मालिका येईपर्यंत विसरेल.

२३ ऑक्टोबर, शनिवार

लॉकडाऊन उठला. सलूनबाहेर रांगा. मी केस रंगवून आले, दहा वर्षांनी लहान दिसते म्हणे.

रस्त्यात आचोल भेटली. ओळखलंच नाही. केस सरळ, खांद्यावर, तुळतुळीत. सुपरमार्केटमध्ये कामाला लागलीय, तिथल्या साहेबाने कामाच्या जागी नीटनेटकं दिसण्याबद्दल काहीतरी सांगितलं. मी म्हटलं, व्वा, छान दिसतेस. ती म्हणाली, थँक्स, आंटी. मग म्हणाली, इट्स ईझियर. आणि मग, "हाऊज के? आर दे ओके?" मी म्हटलं, हो, आम्ही सगळे मजेत.

२० नोव्हेंबर, शनिवार

गलबत आलं. समोशांचा घाट घातला, यतीनने मोठा टीव्ही भिंतीला लावला. मराठी सबटायटल्स लावून आम्ही तिघांनी दोन दिवसांत सगळं पाहिलं. शेवटी माझं नाव आलं: मराठी भाषांतर, सुनीती. यतीनने फोटो काढला.

पण त्याआधी ती ओळ आली. काचेवर बोट, खाली अक्षरं: मी इथे होते.

मला वाटलं होतं कादंबरी ओरडेल, भांडेल. मी उत्तरंही तयार ठेवली होती, हिंदीचं, हुकमाचं. तिने रिमोट घेतला, सबटायटल्स बंद केली, ते दृश्य मागे नेऊन पुन्हा एकदा नुसतं इंग्रजीत ऐकलं. आय वॉज हिअर. मग रिमोट टीपॉयवर नीट ठेवला आणि "गुड नाइट" म्हणून खोलीत गेली. बाहेर अजून ऊन होतं.

मी दाराबाहेर उभी राहून सांगितलं की माझ्या हातात नव्हतं. आतून आवाज आला, "आय नो."

५ डिसेंबर, रविवार

दुसऱ्या मालिकेचं काम आलं. स्वयंपाकाची आहे, देव पावला. त्यात सगळं 'घ्यावे, चिरावे, परतावे'.

कादंबरी शांत आहे. भांडत नाही, उलट बोलत नाही. भांडी घासते, यतीनची गाडी धुते. हुडी तेवढा अजून तोच. ती मराठी बोलेनाशी झालीय, हे चार दिवसांपूर्वी माझ्या लक्षात आलं. आधी वाटलं सहज असेल. मग मुद्दाम कान देऊन ऐकलं. एक शब्द नाही. 'आई' म्हणते तेवढंच. यतीन म्हणतो, इथली सगळीच मुलं एका वयात इंग्रजीवर जातात, त्याच्या ऑफिसातल्या सगळ्यांच्या घरी हेच. असेलही. तरी मला फार वाईट वाटलं. माझ्या आईची भाषा होती ती, आणि इतकी छान बोलायला लागली होती. आईला हे कुठल्या तोंडाने सांगू? या वहीत लिहितानाही चाचरायला होतंय.

आज न्हाणं. केस आता बोटभर तरी यायला हवे होते, पण ती मशिनने काढतच राहते. वर्ष होईपर्यंत आज्जीचं पाळायचं असेल, म्हणून मी काही बोलत नाही. तेलाची वाटी कोमट करून तशीच राहिली, ती मी माझ्याच डोक्याला लावली.

दुपारी मसालेभात आणि टोमॅटोचं सार केलं, तिच्या आवडीचं. दार लोटून विचारलं, "जेवलीस का गं?"

खुर्ची फिरवली नाही. "आय'व्ह ईटन."

ताट झाकून ठेवलेलं होतं तसंच ओट्यावर होतं. तरी दारात उभ्या उभ्या, सवयीने, मी मनातल्या मनात भाषांतर करून पाहिलं. मी जेवले. बरोबर होतं. काना-मात्रेची चूक नव्हती.